आधी पत्रा, मग बाकीचं

[दृश्य: जॅकवर उचललेली जुनी गाडी. कॅमेरा खालून.]

कोकणात गाडी खालून जाते. वर रंग शाबूत, काचा धड, आणि पायाखालचं रबरी मॅट उचललं की पत्र्याची चाळण. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. मडगार्डच्या आत तांबडी माती जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही याच मातीने बुजतात. मग पाणी दारातच राहतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

ही आमच्या वेंगुर्ल्याच्या घरची प्रीमियर पद्मिनी, १९७४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण मूळ बांधणी इटलीच्या फियाट ११०० ची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे एकसंध बाकासारखी सीट. त्या काळी गाडीचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आजोबांनी ती वाट बघितली. पुढे बाबांनी चालवली. बाबा गेल्यापासून ती बहुतेक वेळ शेडमध्ये उभीच असते.

आता घरात दोन मतं आहेत. दादा पुण्याला असतो. त्याला हवंय नवं इंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग, खाली आणलेला गिअर. मुलाबाळांना घेऊन आंबोलीचा घाट चढायचा, तर गाडी भरवशाची हवी, असं त्याचं म्हणणं. एप्रिल-मेच्या उन्हात याच घाटात पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, गाडी बंद पडायची आणि बाबा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून वाट बघत बसायचे. दादाला ते चांगलं आठवतं.

काकांना गाडी होती तशी हवी. पण त्यांना ती नुसती शोभेलाही नको आहे. ते म्हणतात, "माका ही पूजेक नको, बाजाराक जावक होयी."

[दृश्य: मेस्त्रींचे हात. लोहचुंबक, स्क्रू-ड्रायव्हर.]

सावंतवाडीहून मेस्त्री आले. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि खिशातून लोहचुंबक काढलं. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून ते पातळ फडक्यात गुंडाळलं आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेने फिरवत नेलं. चिकटलं, चिकटलं, आणि मग एका जागी सरळ हातात आलं. तिथे पत्रा नव्हता. जुन्या डेंटिंगच्या वेळी भरलेली पुट्टी होती. मग गाडीखाली झोपून त्यांनी दाराखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. धड पत्र्याचा आवाज टणक येतो. इथे भद आवाज आला आणि तांब्या रंगाचा भुगा त्यांच्या छातीवर पडला.

या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी असते. बॉडी सडली तर उचलून दुसरी ठेवता येते. फियाटला तशी वेगळी चॅसी नाही. तळ, बाजूच्या पट्ट्या आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणजे इथे गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, ताकदीचा आहे. अशा सांगाड्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवणं धोक्याचं आहे, आणि त्यावर नुसता चकचकीत मूळ रंग मारणं हीसुद्धा फसवणूकच. "आधी पत्रा, मग बाकीचा बोला," मेस्त्री म्हणाले. दादा आणि काका, दोघांनाही ते पटलं.

नव्या इंजिनाचं मात्र मला पहिल्यापासून पटत नव्हतं. फियाटचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं असतं आणि ओढ मागच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळे एक काढलं, दुसरं ठेवलं, असं होत नाही. गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा कापायचा, इंजिन जिथे टेकतं त्या जागा नव्याने वेल्ड करायच्या. एकदा कापलं की परत जोडता येतं, पण पूर्वीसारखं होत नाही.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते.

२०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नवा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, जुना नंबर ठेवता येतो. आमची गाडी वयाने बसते. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे आज इंजिन बदललं तर हा दरवाजा कायमचा बंद. आणि ही नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मग काकांचं बाजाराला जाणं राहूनच जातं.

आम्ही व्हिंटेज नोंदणी घेत नाही. दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून साधी नोंदणी पुढे चालू ठेवू, पर्यावरण कर भरू. गाडी चालती राहू दे.

[दृश्य: सुटे केलेले भाग, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.]

इंजिन तेच राहील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून घेऊ, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून नीट करून घेऊ. नळ्या आणि सील मात्र सगळे बदलायचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल जुन्या रबराला खातं. ते पाणीही ओढून घेतं. आमच्यासारख्या दमट हवेत गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकी आतून गंजणारच. म्हणून टाकी उतरवून साफ करायची, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालायच्या.

बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर येईल. रात्री, धो-धो पावसात, वायपर आणि हेडलाइट एकदम चालू असताना जुना डायनॅमो बॅटरीला पुरत नाही. कोकणात ही चैन नव्हे, गरज आहे. तो नटबोल्टने बसतो, काही कापावं लागत नाही, आणि जुना डायनॅमो तेल लावून फडताळात ठेवता येतो. माझी कसोटी हीच होती: उद्या कुणाला परत काढावंसं वाटलं तर काढता आलं पाहिजे. एसीसाठी डॅशबोर्ड कापावा लागत होता, म्हणून एसी नाही. दादा थोडा हिरमुसला, पण सीटबेल्टचा हट्ट त्याने सोडला नाही, आणि तो बरोबर होता. मूळ गाडीला सीटबेल्ट नव्हतेच. तळाचा पत्रा नवा होतोय, तेव्हाच बेल्टच्या बोल्टखाली जाड पट्टी देऊन घेऊ.

ब्रेकवर अजून चर्चा चालू आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साकवावरच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रमच्या आत घासणारे लायनर भिजतात आणि ब्रेक लागायला वेळ जातो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत असं मला वाटतं. आरटीओत विचारून मगच ठरवू.

राहिला रंग. डॅशबोर्ड उतरवला तेव्हा मागे कारखान्याचा फिका निळा सापडला. काकांना तोच हवा. दादाला गडद हिरवा आवडतो, आणि रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर करून घेता येते. दोघांनी खूप वाद घातला. शेवटी ठरलं, रंग आई सांगेल. बाबांच्या मागे गाडीच्या कागदांवर तिचंच नाव आहे.