आठ विरुद्ध एक

(दृश्य : जुना कागद, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं लहान मुलाचं अक्षर)

५ नोव्हेंबर १९३५. पेनसिल्व्हेनियातलं माइनर्सव्हिल, कोळशाच्या खाणींचं गाव. पाचवीतला बिली शाळेच्या संचालकांना कळवतो : मी झेंड्याला सलामी देणार नाही. देशावर माझं प्रेम आहे, पण देवावर त्याहून जास्त आहे. त्याचं कुटुंब यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाचं. बिली आणि त्याची बहीण लिलियन, दोघांनाही शाळेतून काढलं जातं. प्रकरण कोर्टात जातं.

(दृश्य : कॉलेजचा वर्ग, बाकांवर जाडजूड पुस्तकं)

अमेरिकन कॉलेजांत घटनात्मक कायदा शिकवतात तो अशा खटल्यांतून. बऱ्याच ठिकाणी एक सेमिस्टर सरकारच्या अधिकारांना, दुसरं नागरी स्वातंत्र्याला. प्रत्येक खटल्याचं ‘ब्रीफ’ काढून वर्गात यायचं : घडलं काय, कोर्टापुढचा प्रश्न कोणता, बहुमत काय म्हणालं आणि का. नवखा विद्यार्थी तिथेच थांबतो. खरा ऐवज असतो त्याच्या पुढच्या पानांत, विरोधी मतात.

बिलीच्या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला ३ जून १९४० ला. फ्रान्स तेव्हा हिटलरपुढे कोसळत होता. न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिलं, राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्राच्या सुरक्षेचा पाया. सलामीचं काय ते शाळेच्या मंडळाने ठरवावं. आठ न्यायमूर्ती या बाजूला. विरोधात एकटे हार्लन स्टोन.

त्यानंतर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये त्यांचं प्रार्थनागृह जाळलं गेलं. बहुमतातल्या तिघा न्यायमूर्तींनी १९४२ मध्ये आपलं चुकल्याचं उघडपणे लिहिलं. आणि १४ जून १९४३ ला, झेंड्याच्या सलामीवरच्याच वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यात, कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी स्वतःचाच निकाल फिरवला. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचं म्हणणं स्वच्छ होतं : कुणी काय मानावं हे कोणताही अधिकारी ठरवू शकत नाही, मूलभूत हक्कांवर मतदान घ्यायचं नसतं.

आता अल्पमतात होते फ्रँकफर्टर. ते स्वतः ज्यू. इतिहासात सर्वाधिक छळ सोसलेल्या समाजातला मी, असं सांगूनच ते सुरुवात करतात, आणि तरीही म्हणतात की न्यायाधीशाने स्वतःचं मत घटनेत घुसवू नये. हे मत चुकीचं ठरवून पान उलटणं सोपं आहे. उलटू नये. त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडता आली, तरच जॅक्सन यांनी किती मोठं पाऊल टाकलं ते कळतं.

(दृश्य : भारताच्या घटनेचं पान, कलम २१)

याच फ्रँकफर्टरना आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव भेटले होते. आपल्या घटनेतून ‘ड्यू प्रोसेस’ (कायदा न्याय्य आहे का, हे कोर्टाला तपासू देणारे शब्द) गळण्यामागे त्या भेटीचा मोठा वाटा होता.

आणि १९८६ मध्ये केरळमधली तीन भावंडं आपल्या सुप्रीम कोर्टात आली. तीही यहोवा विटनेस. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी बार्नेटचा आधार घेतला आणि मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. हा विषय घेणाऱ्यांनी तिन्ही निकालपत्रं सारांशात नव्हे, मुळातून वाचावीत. स्टोन यांची पानं सर्वांत आधी.