चूल बंद, विळी सुरू

(कच्चा आहार सुरू करताना लागणारी सोबत, या विषयावर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी तर्री-पोहे सोडून तुम्ही कच्च्या खाण्यावर ऐकायला आलात, याचं मला खरंच कौतुक वाटतं. जे पोहे खाऊनच आले असतील त्यांनीही निवांत बसावं, मी कोणाचा वास घेत फिरणार नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि कच्च्या आहाराची प्रचारक नाही. विरोधकही नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण कुठेतरी काहीतरी ऐकून उद्यापासून गॅस बंद करायला निघालेले असतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते, घरात चिरणार कोण? हा प्रश्न त्यांना फालतू वाटतो. माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

आधी नियम समजून घेऊ. पाश्चात्त्य देशांत या आहाराचा जो पंथ आहे, त्याच्या हिशेबाने अन्न साधारण ४८ अंश सेल्सियसच्या वर तापलं की ते कच्चं राहत नाही. २३ मे २०१३ रोजी आपल्या नागपुरात पारा ४७.९ वर होता. त्या दुपारी कॉटन मार्केटच्या ठेल्यावरचे टमाटर कच्चे म्हणायचे की शिजलेले, हे त्या पंथाच्या लोकांनी येऊन सांगावं. या ४८ अंशांमागचं कारण असं देतात की त्यापुढे अन्नातली, पचनाला मदत करणारी एन्झाइम्स मरतात. एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात, हे खरं. पण ती प्रथिनं असतात, आणि पोटातलं आम्ल त्यांनाही इतर प्रथिनांसारखंच पचवून टाकतं. आपल्या पचनाला लागणारी एन्झाइम्स आपलं शरीर स्वतः बनवतं. मग कच्चं खाल्ल्यावर लोकांना बरं वाटतं ते कशामुळे? तंतू वाढतात, शिजवताना उडून किंवा पाण्यात निघून जाणारं क जीवनसत्त्व मिळतं, आणि मुख्य म्हणजे ताटातून मैदा, साखर, तळण बाहेर जातं. फायदा खराच आहे, फक्त त्याचं श्रेय भलत्याला दिलं जातं.

आणि आपण हे सगळं नव्याने शिकतोय असंही नाही. चैत्रात हळदीकुंकवाला जी आंब्याची डाळ वाटता, ती काय शिजवलेली असते? हरभऱ्याची डाळ रात्री भिजवायची, सकाळी भरड वाटायची, कैरी किसून घालायची, वरून फोडणी. पत्ताकोबीची पचडी, मेथीचा घोळाणा, मुळ्याचा किस, काकडीची कोशिंबीर, वरून बचकभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. आजीच्या ताटात डाव्या बाजूला हे असायचंच. ते ताटाचा एक कोपरा होतं, सगळं ताट नव्हतं, एवढाच फरक.

फोडणीवरून माझा कट्टर मंडळींशी वाद होतो. त्यांना फोडणी म्हणजे व्रतभंग. मला विचाराल तर गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी पडलीच पाहिजे. गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, ते स्निग्ध पदार्थाशिवाय अंगी लागत नाही. टमाटरातलं लायकोपीन हे लाल रंगाचं द्रव्य तर शिजवल्यावर जास्त मिळतं. भिजवलेल्या मोडाच्या मुगावर लिंबू पिळायचं, कारण त्याने मुगातलं लोह शोषलं जातं. हे आपल्या बायका शास्त्र न शिकता करत आल्या. तेव्हा आयात नियम लावून त्यांना चुकीचं ठरवू नका.

आता गांधीजींकडे येते. वर्धा आपल्यापासून दोन तासांवर, त्यामुळे सेवाग्रामचं साधं जेवण सगळ्यांना माहीत असतं. त्यांचे कच्च्या अन्नाचे प्रयोग मात्र त्याच्या आधीचे. पहिला १८९३ मध्ये, प्रिटोरियात. तरुण बॅरिस्टर, परका देश. भिजवलेला गहू, वाटाणे, सुकामेवा, फळं असं खाऊन बघितलं. दोन आठवड्यांच्या आत सोडून दिलं आणि इंग्लंडमधल्या शाकाहारी मंडळींच्या नियतकालिकात त्याचा हिशेब छापला. दुसरा प्रयोग १९२९ मध्ये, साबरमतीच्या आश्रमात. या वेळी सोबत आश्रमातली माणसं होती, रोज काय खाल्लं, कोणाचं वजन किती उतरलं, याची चर्चा होती. हा प्रयोग पहिल्यापेक्षा बराच पुढे गेला. तरी शेवटी गांधीजींचं पोट बिघडलं, अशक्तपणा आला, आणि त्यांनी तो थांबवला. थांबवला हेही आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात जाहीर केलं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की देशभराचे डोळे ज्याच्याकडे लागलेले, तो माणूस छापून सांगतो, जमलं नाही, थांबलो. आपल्याला तर शेजारच्या काकूंना सांगायची लाज वाटते.

तर सोबत. घरापासून सुरू करू. आपल्याकडे चित्र बहुधा असं दिसतं. साहेबांचा रिपोर्ट येतो, कोलेस्टेरॉल वाढलेलं. साहेब जाहीर करतात, उद्यापासून मी कच्चं खाणार, तुला स्वयंपाकाचा त्रास नको. बाईंना क्षणभर बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पालक निवडतायत, एकेक पान उलटून बघतायत, तीन पाण्यांतून काढतायत. मग गाजर किसणं, कोबी बारीक चिरणं, बीट सोलून हात लाल, नारळ खोवणं, मटकीचं फडकं सोडून बघणं. पाऊण तास विळीवर. त्यानंतर मुलांच्या डब्याची पोळी-भाजी, सासूबाईंचं मऊ वरण-भात. म्हणजे चूल बंद झालीच नाही, विळी तेवढी जास्तीची सुरू झाली. साहेब चावत बसलेत आणि वरून विचारतात, यात दाणे नाही घातले का? पंधरा दिवसांत त्या घरात कच्चा आहार बंद पडतो, आणि खापर फुटतं त्याच्या गॅसवर. पोटातल्या गॅसवर म्हणतेय मी.

म्हणून माझी पहिली अट, जो खाणार तो चिरणार. हात कापेल, वेळ लागेल, किसणीवर बोटं सोलतील. सोलू द्या. घरच्यांची साथ म्हणजे कोणी पाठ थोपटत बसणं नव्हे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून दोघांनी मिळून शेंगांचे सोले सोलले, म्हणजे झाली साथ.

दुसरी अट, पूर्ण ताट बदलू नका. गणित करून दाखवते. शंभर ग्रॅम काकडीत साधारण १५ किलोकॅलरी. दिवसाला १८०० हव्या असतील आणि काकडीच खायची ठरवली तर बारा किलो लागेल. बाप्पा! खाणार कसं? मग लोक पोट भरायला खजूर, काजू, नारळावर येतात आणि वजन वाढलं म्हणून माझ्याकडे येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्यातले किती जण एवढं खातात? आधी तिथवर पोचू. रात्रीच्या जेवणाची सुरुवात वाटीभर पचडीने करा. ती पचली, सवय झाली की सकाळचा नाश्ता फळं आणि मोडांचा. अचानक तंतू वाढवले तर पोट फुगणारच. त्याला 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत' असं नाव देऊ नका.

सुरुवात या दिवसांत करा. फेब्रुवारी आहे, मृगाच्या बहाराचा संत्रा बाजारात आहे, गाजर, मुळा, बोरं सगळं आहे. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा, चोथ्यासकट. पावसाळ्यात मात्र कच्ची पालेभाजी टाळा. भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हे आपल्याला कळत नाही, आणि पानांच्या घड्यांतून फितकृमीची अंडी पोटात गेली तर ती मेंदूपर्यंत गाठी करतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही.

आता थोडं थांबून एका गोष्टीवर बोलते, कारण ती जिवाची आहे. अंबाझरी, फुटाळा तलावांवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हिरव्या रसाचे ठेले माहीत आहेत. त्यात दुधीचा, म्हणजे आपल्या लवकीचा रस असतो. लवकी कधीकधी कडू निघते. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा, ती विषारी असतात. असा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, आणि आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. तेव्हा लवकीचा काप काढून आधी जिभेला लावा. कडू लागला तर अख्खी लवकी फेका. आणि कारलं, आवळा, कडुलिंब अशा रसात ती मिसळू नका, कारण मग कडू कोण आहे हे कळतच नाही. कडू औषध गुणकारी असतं, ही आपली समजूत इथे घात करते. प्यायल्यावर त्रास झाला तर थेट दवाखाना गाठा, घरी लिंबूपाणी पीत बसू नका.

मोडांचंही तसंच. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून जंतुसंसर्ग पसरला, पन्नासच्या वर माणसं गेली. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना लागते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊब कमी नसते. फडक्यातले मूग दिवसातून दोनदा धुवा, आंबूस वास आला की फेका. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी मोड वाफवूनच खावेत. राजमा, सोयाबीन कच्चे कधीच नाहीत. आणि आपल्या विदर्भाची लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ! मोड आणून कच्ची खायची टूम कोणी काढली तर ऐकू नका. तिच्यातल्या द्रव्याने, महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. भिजवून, पाणी फेकून, शिजवून खाणारे आपले लोक शहाणे होते.

घराबाहेरची सोबत म्हणजे गट. सकाळी फिरणाऱ्यांचे असे गट मी पाहिले आहेत. एकीने पचडी आणायची, एकाने फळं, एकाने मोड, बाकावर वर्तमानपत्र पसरून खायचं. फार छान चालतं. रोज सगळं एकट्याने चिरायचं नसतं, आणि दुसऱ्याच्या डब्यातून नवीन काही कळतं. पण असाच गट हळूहळू पंथही होतो. मग कोणाचे केस गळाले तर 'शुद्धी चालू आहे', कोणाला चक्कर आली तर 'श्रद्धा कमी पडली'. तुमचा गट कसा आहे हे ओळखायला एवढंच बघा, मधेच सोडून गेलेल्या माणसाला पुन्हा चहाला बोलावतात का? त्याचं नाव निघताच सगळे गप्प होत असतील तर तुम्हीही निघा.

कारण थांबण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत, आणि त्या दिसल्या तर सांगायची भीती वाटता कामा नये. जर्मनीतच कच्चं खाणाऱ्यांचा अभ्यास झाला होता. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झालेली किंवा बंद झालेली आढळली. पाळी थांबणं ही शुद्धी नव्हे, शरीराला अन्न पुरत नाही याची ती तक्रार आहे. तळपायाला मुंग्या, सतत थकवा, विसराळूपणा दिसला तर बी १२ जीवनसत्त्व तपासा. ते वनस्पतीतून मिळत नाही. दूध-दहीही सोडलं असेल तर गोळी घ्यावीच लागते, त्यात कमीपणा काही नाही.

सणवारांचं विचारलंय एका ताईंनी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि आपण ताटावर बसून 'मी शिजवलेलं खात नाही' म्हणायचं? अहो, खा ना. त्या ताटातही कोशिंबीर असते, ती दोनदा मागून घ्या. वर्षात दोनचार दिवस जेवल्याने काही बिघडत नाही. नाती बिघडली तर मात्र त्या घरातून तुम्हाला पुन्हा साथ मिळायची नाही.

मागच्या रांगेतल्या काकांचा प्रश्न आहे, साखरेच्या गोळ्या कधी बंद करू? काका, तुम्ही नाही बंद करायच्या. खाणं कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, गोळी किती कमी करायची ते ठरवतील. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवायची नाही, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा हिशेब चुकतो. मूतखडा असेल तर पालकाचा रस नको. आणि तुमची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तीच बरीच वर्षं घेतल्याने बी १२ कमी होऊ शकतं, त्यामुळे तुमची तपासणी आधी. रिपोर्ट सोबत आणला असेल तर दाखवा, मी अजून अर्धा तास इथेच आहे.