कार्ड आहे, पण गोळी कोण देणार?

नमस्कार मंडळी. आज जरा कार्डाबद्दल बोलू. रेशनचं नाही हो, दवाखान्याचं, ज्याला आपल्याकडं कुणी आयुष्मान म्हणतं, कुणी गोल्डन कार्ड म्हणतं, कुणी अजूनही जीवनदायीच म्हणतं. २०१२ साली ही जीवनदायी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, मग सगळ्या राज्यात आली, पुढं तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं, २०१८ ला केंद्राची आयुष्मान आली. जीवनदायीत सुरुवातीला दीड लाखाचं कव्हर होतं, आता पाच लाखाचं आहे, आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही.

पण एक गोष्ट नीट ऐका. हे कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं. परत सांगतो, ॲडमिट झाल्यावर. किंवा डायलिसिस, केमो असल्या उपचारांना. सर्दी-खोकला, बीपीची रोजची गोळी, महिन्याची शुगर तपासणी याला नाही.

आता आमच्या मामांचं ऐका, हे मी प्रत्येक लग्नात सांगतो, घरातले वैतागलेत. मामांना शुगर, जुनी. तालुक्याला एका खाजगी डॉक्टरकडं जायचे, तपासणी, फी, गोळ्या आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं. कार्ड आलं तसं मामांनी ते लॅमिनेशन करून घेतलं, देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं ठेवलं, आणि पुढच्या महिन्यात ते घेऊन ऐटीत डॉक्टरकडं गेले. टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, घ्या, कापा यातनं. डॉक्टर म्हणाला, मामा यातनं नाय कापता येत, हे मोठ्या आजाराला. मामा तसेच उठले, गोळ्या न घेता घरी आले. मामी म्हणाली अहो गोळ्या? तर म्हणे, आता सरकारनं पाच लाख ठेवलेत माझ्या नावावर, काय व्हायचंय ते होऊ दे, मोठा आजार झाला की बघू! आणि खरंच गोळ्या बंद, वर चहात दोन चमचे साखर.

मग झालं काय, चपलेचा अंगठा तुटून पायाला खरचटलं. (चपलांचं पण सांगतो, हल्ली ते प्लास्टिकचं सोल कुणी काढलंय देव जाणे, आमच्या लहानपणी चांभारानं शिवलेली चप्पल तीन उन्हाळे जायची, आता एक पावसाळा निघत नाही आणि पाय पोळतो तो वेगळाच.) तर खरचटलं, मामांनी हळद लावली, पायाला संवेदनाच कमी त्यामुळं दुखेना, दुखेना म्हणून बघेना, शेवटी मामीला वास आला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, खिडकीत कार्ड दाखवलं, फोटो काढला, मंजुरी आली, आणि पायाचं एक बोट काढलं. बिल शून्य. मामा गावात येऊन पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर टाकून सगळ्यांना सांगतायत, एक रुपया लागला नाही! मामी आतनं ओरडली, रुपया नाही लागला, बोट लागलं.

खरी गंमत तर पुढंच आहे. आशाताई बघायला आली आणि म्हणाली, मामा, या गोळ्या आपल्या उपकेंद्रात फुकट मिळतात की, शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची पण, शुगर पण तिथंच तपासतात. उपकेंद्र मामांच्या घरापासनं दोन गल्ल्या सोडून! त्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव दिलंय. मामा म्हणाले, तिथं काय, एक सिस्टर आणि पंखा.

हेच तर दुखणं आहे. कार्डानं मोठ्या दवाखान्याचं दार उघडलं, लोक तिकडं बघायला लागले, जवळच्याला कोण विचारतं. पण उपकेंद्रातली माणसं, गोळ्यांचा साठा, हे विम्याच्या पैशातनं येत नाही, त्याचं बजेट वेगळं. थायलंडनं वेगळं केलं. २००१-०२ च्या सुमाराला तीस बातची (बात म्हणजे तिथलं चलन) योजना आणली, तिथं माणूस आधी आपल्या जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवतो, आणि सरकार त्या दवाखान्याला माणशी वर्षाचे पैसे देतं, आजारी पडा न पडा. म्हणजे साधी तपासणी पण योजनेच्या आतच. आपल्याकडं ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता दाखवायचं ते, बाहेर राहिली.

तोवर आपण काय करायचं? आपल्या राज्यात आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरला पण पैसे नाहीत. तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात जा आणि बीपी, शुगर तपासून मागा. मागा म्हणतोय मी, कुणी बोलवायची वाट बघू नका. गोळ्या संपल्यात असं उत्तर मिळालं तर ग्रामसभेत विचारा, रस्ता आणि गटारीवर तासभर भांडतोच की आपण. आणि हो, कार्ड देव्हाऱ्यात ठेवा, माझी ना नाही, फक्त ईकेवायसी, म्हणजे आधारवरनं ओळख पटवायचं काम, झालंय का ते बघून ठेवा.

पुढच्या बुधवारी पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल बोलू. नमस्कार.