चुन्यात बुडवलेलं जायफळ

नमस्कार, श्रोतेहो. पुरणात किंवा बासुंदीत जायफळ किती किसायचं, ते तुम्हांला सांगायला नको. पण त्या जायफळापायी इंडोनेशियातली बांदा बेटं उजाड झाली. तेव्हा जगभरचं जायफळ आणि जायपत्री, म्हणजे त्या बीवरचं जाळीदार लाल आवरण, तिथूनच येई. १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान कून यानं ती बेटं जिंकली. तिथे सुमारे १५,००० माणसं होती, हजारभरही उरली नाहीत. काही मारली गेली, काही उपाशी मेली, काही पळाली, काही गुलाम झाली. कंपनीनं जमीन जायफळाच्या ६८ बागांत वाटली आणि बाहेरून आणलेल्या गुलामांना तिथे राबवलं.

हेच डच म्हणजे आपले वलंदेज. वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीचे अवशेष आहेत. ते नीट जपायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

आता चुन्याची गोष्ट ऐका. बी बाहेर जाऊन रुजली, तर मक्तेदारी संपली! म्हणून काय करत? जायपत्री सोलून बिया मंद धुरावर काही आठवडे वाळवत. बी कवचात खुळखुळू लागली की कवच फोडत, बी चुन्याच्या दाट पाण्यात बुडवत आणि पुन्हा सुकवत. पण जायफळाची बी ओल गेली की मरते. ताजी, थोड्याच दिवसांत पेरली, तरच रुजते. म्हणजे चुन्यात बुडत होती ती आधीच मेलेली बी. जिवंत बी जात होती आकाशातून. तिथली मोठी रानकबुतरं जायपत्रीसकट बी गिळतात. जायपत्री पचते, बी दुसऱ्या बेटावर पडते. कंपनीची माणसं आसपासच्या बेटांवरची झाडं तोडत फिरायची, कबुतरं पुन्हा पेरायची. पुन्हा सांगतो: चुन्यात मेलेली बी, कबुतराच्या पोटात जिवंत.

आणि हो, जायफळाची तयार पूड आणू नका. तिचा वास लवकर उडतो. अख्खं घ्या, लागेल तेवढंच किसा.

पुढे १७७० च्या सुमारास पियेर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीनं रोपं मॉरिशसला पोचली. १७९६ मध्ये इंग्रजांनी बांदा घेतलं आणि रोपं आजच्या मलेशियातल्या पिनांगला नेली. १७९९ अखेर डच कंपनी बुडाली. १८४३ मध्ये जायफळ कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात गेलं. आज ते त्या देशाच्या झेंड्यावर आहे.

आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत ते उत्तम येतं. फक्त बियांपासून रोपं करू नका. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि पाच-सात वर्षांनी फुलल्यावरच ओळखू येतात. निम्मी नर निघाली, तर तेवढी वर्षं वाया. मादी झाडाची कलमं घ्या आणि दहा मादींमागे एक नर ठेवा.