पांढरा कागद, पिवळा बल्ब

(टेबलावर कोरा कागद. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचा बल्ब.)

हा कागद पांढरा आहे. समोर बसून बघणाऱ्याला त्यात शंकाही येत नाही. आता याचाच फोटो बघा. बल्बाकडची बाजू केशरी, खिडकीकडची निळसर. कॅमेरा बिघडलेला नाही. जे होतं ते त्याने टिपलं. सांभाळून घेत होते ते आपले डोळे.

उजेडाचा रंग तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये, सांगतात. अशा बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा. दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. सावलीत, नुसत्या निळ्या आकाशाचा, ७००० च्याही वर. म्हणजे ज्या रंगाला आपण ‘थंड’ म्हणतो, त्याचंच तापमान जास्त! हे उलटं गणित अंगवळणी पडायला वेळ लागतो.

कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरला तर रंग कळतच नाही, कळतो तो फक्त कमी-जास्त उजेड. म्हणून त्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळालं. निम्मे फिल्टर हिरवे, कारण बारीक तपशील आपल्या डोळ्यांना हिरव्यातच जास्त जाणवतो. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडून उसने.

(फ्रेमभर लाल पडदा.)

पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपणहून रंग सांभाळतो, तो ऑटो व्हाइट बॅलन्स. हा शेवटी अंदाजच. समोर सगळं लालच दिसलं, की त्याला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो पडद्याचा रंग उतरवून टाकतो.

(त्याच पडद्यासमोर हातात धरलेलं ग्रे कार्ड.)

उपाय अगदी साधा आहे. पहिला फोटो या राखाडी कार्डासकट, तोही रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये. मग संगणकावर ड्रॉपरने कार्डावर एक क्लिक, म्हणजे ‘हे राखाडी आहे’ असं सॉफ्टवेअरला सांगायचं. पडदा पुन्हा लाल. कार्ड मात्र वस्तूच्याच उजेडात हवं. ढग आला, की पुन्हा कार्ड धरायचं. कंटाळा येतो, पण धरायचं.

स्वस्त एलईडीपुढे मात्र कार्डाचंही चालत नाही. त्यातल्या बऱ्याच दिव्यांच्या उजेडात गडद लाल जेमतेमच असतो, त्यामुळे त्वचा निस्तेज दिसते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

(मॉनिटरवर निळं फूल.)

राहिला मॉनिटर. तो कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजून खऱ्या रंगांवर आणलेला नसेल, तर आधीची सगळी मेहनत वाया. आम्ही आमचा ६५०० केल्विनवर लावून घेतला आणि या फुलाचा फोटो उघडला. फूल निळं, फोटोत जांभळट. काही फुलांचं असं होतं. सेन्सरची नजर हुबेहूब आपल्यासारखी नसते. म्हणून खरं फूल स्क्रीनशेजारी धरून तासभर रंग जुळवत बसलो. एकदाचा जुळला.

सकाळी फाइल उघडली, तर रंग भलताच. रात्री फूल धरलं होतं ते याच पिवळ्या बल्बाखाली.