येरळेच्या वाळूतून उभे राहिलेले धरण

येरळेच्या पात्रातील ही वाळू नीट पाहावी, कारण समोरच्या भिंतीचा खर्च बऱ्याच अंशी तिने उचलला आहे. खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा सांगली जिल्ह्यातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. मात्र पावसाचे मोजके दिवस सोडले तर तिचे पाणी वाळूच्या पोटातच असते. कणांमधील फटींत मुरलेले हे पाणी उन्हापासून वाचते आणि पाझरत काठच्या विहिरींत उतरते. वाळू उपसली की पूर आला तसा निघून जातो आणि विहिरींचा तळ दिसू लागतो.

१९७२ च्या दुष्काळात खानापूर तालुक्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांसमोरही पाण्याचाच प्रश्न उभा होता. त्या काळात डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळाचे कारण केवळ आभाळात न शोधता नदीच्या पात्रातही शोधले. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांच्या वाळूउपशाला विरोध केला. मोजकीच वाळू गावाने विकावी आणि त्या पैशातून धरण बांधावे, ही त्यांची मागणी होती. ती सरकारदरबारी मान्य करून घेण्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. शहरांतील विद्यार्थीही येथे श्रमदानाला आले. श्रमदान हा शब्द हल्ली छायाचित्रापुरता उरला आहे. येथे पाट्या खरोखर वाहिल्या गेल्या.

‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या या मुलखात धरणाला बळीराजा स्मृती धरण हे नाव मिळाले, आणि पाणीवाटपाचा नियमही त्या नावाला साजेसा ठरला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणसांच्या हिशेबाने वाटायचे. भूमिहीनांचा आणि स्त्रियांचाही त्यात हक्काचा वाटा. ज्याच्याकडे शेत नाही, त्याला आपल्या पाण्याच्या बळावर दुसऱ्याची जमीन वाट्याने करता येईल, असा त्यामागचा विचार होता. उसाला मात्र या वाटपात जागा ठेवली नाही, आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा निर्णय भिंत बांधण्याहून सोपा नव्हता.

दोन्ही गावांतील सुमारे ९०० एकरांसाठी हे पाणी होते. ती शिवारे पुढील दृश्यांत दिसतील.