तिजोरीतला प्रबंध

नेमणुकांचे राजकारण म्हटले की आपल्या मनात आधी वशिला येतो. निवड समितीवर कोण आहे, मुलाखतीपूर्वीच नाव ठरले आहे का, हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु कलेतिहासापुरते बोलायचे तर मला त्याहून गंभीर वाटते ते असे की, अध्यासनावर कोण बसले यावरून पुढच्या पिढीने कोणते प्रश्न विचारायचे हेच या विषयात ठरत आले आहे.

जर्मन भाषक विद्यापीठांतली पद्धत आधी सांगतो, कारण तिच्यातच राजकारणाला जागा होती. डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध लिहून अध्यापनाचा अधिकार मिळवायचा, मग ठरावीक पगाराविना शिकवत राहायचे आणि एखादे अध्यासन रिकामे होण्याची वाट पाहायची. ते झाले की प्राध्यापक मंडळी काही नावांची यादी पाठवीत, पण नेमणूक सरकारी खाते करी. व्हिएन्नात कलेतिहासकार माक्स द्वोर्झाक यांच्या नावाला ते चेक आहेत म्हणून जर्मन राष्ट्रवाद्यांनी विरोध केला. 1909 साली तिथले कलेतिहासाचे प्राध्यापक फ्रान्झ विकहोफ वारले, तेव्हा द्वोर्झाक आणि त्यांच्या पंथाचे कडवे विरोधक योझेफ श्ट्रिगोव्स्की या दोघांचीही वर्णी लागली आणि एकाच विद्यापीठात कलेतिहासाच्या दोन चुली मांडल्या गेल्या. कलेची मुळे शोधताना श्ट्रिगोव्स्की रोमऐवजी पूर्वेकडे पाहायला शिकवीत. त्यांचे वांशिक विचार पुढे फार विखारी झाले, हेही विसरता येत नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या स्टेला क्रामरिश यांनी पुढे कलकत्ता विद्यापीठात भारतीय कला शिकवली. व्हिएन्नातल्या त्या तडजोडीचा धागा असा आपल्यापर्यंत येतो.

आता हॅम्बुर्गकडे वळतो. तिथले विद्यापीठ 1919 साली स्थापन झाले. ते नवे असल्यामुळे तिथे जुन्या घराण्यांची मिरासदारी नव्हती, आणि म्हणूनच इतरत्र ज्यू विद्वानांना बंद असलेली दारे तिथे उघडी राहिली, असे माझे मत आहे. तत्त्वज्ञानाचे अध्यासन एर्न्स्ट कासिरर यांना मिळाले. शहराच्या कलासंग्रहालयाचे संचालक गुस्ताव पाउली यांनी तरुण कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांना बोलावून घेतले. 1920 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पानोफ्स्कींनी मायकेलँजेलोवरचा प्रबंध सादर करून अध्यापनाचा अधिकार मिळवला. पूर्ण प्राध्यापकपद मात्र 1926 मध्ये मिळाले. त्याच शहरात कलेतिहासकार अबी वारबुर्ग यांचे ग्रंथालय होते. घरच्या पेढीच्या पैशावर उभे राहिलेले हे ग्रंथालय कोणत्याही निवड समितीच्या मर्जीवर अवलंबून नव्हते.

7 एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याची वाट मोकळी केली. प्राध्यापक हे सरकारी नोकरच होते. पानोफ्स्की तेव्हा न्यू यॉर्कमध्ये शिकवायला गेले होते. बडतर्फीची बातमी देणारी लांबलचक जर्मन तार त्यांना मिळाली, तेव्हा तिच्यावर तार कंपनीची हिरवी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर ईस्टरच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या. त्यानंतर ते हॅम्बुर्गला परतले ते घरचे व्यवहार आवरायला आणि आपल्या काही एकनिष्ठ विद्यार्थ्यांच्या डॉक्टरेटच्या परीक्षा घ्यायला. पद गेलेला माणूस पदाचे शेवटचे कर्तव्य पार पाडायला समुद्र ओलांडून येतो, हे मला त्यांच्या कोणत्याही ग्रंथाइतकेच मोठे वाटते. पाउलींनाही त्याच वर्षी दूर करण्यात आले. डिसेंबरात वारबुर्ग ग्रंथालयाची सुमारे 60,000 पुस्तके बोटींतून लंडनला गेली.

रिकाम्या झालेल्या जागी शिकवण्याचे काम पानोफ्स्कींचेच विद्यार्थी लुडविग हायडेनराइख यांनी 1937 पर्यंत केले. त्यांना दोषी ठरवण्याची मला घाई नाही. कोणीतरी शिकवायला हवेच होते. पण बडतर्फ झालेल्याची जागा भरली जाते, तेव्हा त्या बडतर्फीला रोजच्या कामकाजाचे रूप येते, एवढे म्हणावेच लागेल. तिकडे व्हिएन्नात 1936 पासून प्राध्यापक असलेले हान्स झेडलमायर नाझी पक्षाचे सदस्य होते. 1945 मध्ये त्यांचे पद गेले, आणि 1951 मध्ये म्युनिक विद्यापीठाने त्यांना पुन्हा अध्यासन दिले. पानोफ्स्की तोवर अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे झाले होते. त्यांच्या पिढीतले देश सोडून गेलेले बहुतेक जण इंग्रजीत लिहू लागले होते आणि जर्मनीतल्या वर्गखोल्यांत त्यांचे प्रश्न विचारणारे फारसे कोणी उरले नव्हते.

पानोफ्स्कींचा तो मायकेलँजेलोवरचा प्रबंध कधी छापला गेला नव्हता. युद्धात तो नष्ट झाला, असाच समज होता. 2012 साली म्युनिकमधल्या कलेतिहासाच्या केंद्रीय संस्थेत एक जुनी तिजोरी उघडली गेली आणि तिच्यात तो सापडला. युद्धानंतर या संस्थेचे पहिले संचालक हायडेनराइख होते, आणि तिची इमारत पूर्वी नाझी पक्षाचे प्रशासकीय कार्यालय होती. प्रबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तो सादर होऊन तेव्हा 94 वर्षे झाली होती, आणि पानोफ्स्कींना जाऊन 46.